बायकोच्या नाडीवर माझी सही

मी नोकरीत असताना एकही खोटा पंचनामा लिहिला नाही. जागेवर न जाता लिहिले, ती गोष्ट वेगळी.

चौतीस वर्षं मी एका कचेरीत कारकून होतो. पावसानं कुणाच्या गोठ्याची भिंत पडली की साहेब म्हणायचे, जा, बघून या. मी कचेरीमागच्या हॉटेलात जायचो आणि ज्याची भिंत पडली त्यालाच समोर बसवायचो. किती फूट पडली? तो सांगायचा. कोणत्या अंगाची? तो हात करून दाखवायचा. चहा संपेपर्यंत पंचनामा पुरा झालेला असायचा. शेवटी ‘समक्ष पाहणी केली’ असं लिहून मी झोकात सही ठोकायचो. एवढ्या वर्षांत एकाही भिंतीनं माझी तक्रार केली नाही, त्यामुळे आपलं काम चोख आहे अशी माझी पक्की समजूत होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण निवृत्त झाल्यावर मी असाच एक पंचनामा खुर्चीत बसून केला आणि तो बायकोच्या जिवावर बेतत होता. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. आता सगळं निभावलंय, म्हणून हसायला हरकत नाही.

झालं असं की उन्हाळ्यात कळंबच्या बसस्टँडवर मला चक्कर आली. साखर वाढली होती, रक्तदाब होताच. एकुलती एक लेक पुण्याहून धावत आली आणि तिनं फर्मान काढलं, “आता तुम्ही दोघं माझ्याकडं राहायला चला.” तिचं घर अकराव्या मजल्यावर आहे. मला तसं कुठंही चाललं असतं, चहा आणि पेपर मिळाला म्हणजे झालं. पण बायकोचा चेहरा उतरला. ती एकदा पंधरा दिवस तिथं राहून आली होती.

लेक आंघोळीला गेल्यावर ती मला म्हणाली, “वरनं बघितलं की माणसं हरभऱ्याएवढी दिसत्यात. हाक मारावी तर कुणाला मारावी? मला न्हाय जायचं. काय बी करा.”

मग तडजोड झाली. मी रोज सहा हजार पावलं चालायची, दिवाळीपर्यंत. दिवाळीला लेक येऊन बघणार. जमलं तर आम्ही कळंबला, नाही जमलं तर अकराव्या मजल्यावर. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता, तो का नव्हता हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. म्हणून तिनं माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. वेळ सांगणं हे त्या घड्याळाचं सगळ्यात किरकोळ काम. ते पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, माणूस किती झोपला तेही मोजायचं. ते सगळं तिनं माझ्या मोबाइलमधल्या एआय सहायकाला जोडून दिलं.

“बाबा, घड्याळ याला सगळं सांगेल आणि हा तुम्हाला समजावून सांगेल,” ती म्हणाली. “मराठीत विचारा, मराठीत बोलतो. आणि दर रविवारी मला अहवाल पाठवेल.”

अहवाल म्हटल्यावर मी सावरून बसलो. तो माझा प्रांत होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहायकानं कळवलं, “आज आपण ४१२ पावले चाललात.” त्यात घरातून हॉटेलात जाणं, हॉटेलातून घरी येणं आणि मधे एकदा उठून दुसऱ्या टेबलावरचा पेपर आणणं एवढं सगळं आलं होतं. मला तर आकडा जास्तच वाटला. दुसऱ्या दिवशी हट्टानं मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत जाऊन आलो, तर दोन हजार झाली आणि पिंढऱ्या धरल्या. सहा हजार म्हणजे माणसानं दिवसभर काय करायचं, गाव सोडून जायचं?

वाट मला देवळात सापडली. मी रोज संध्याकाळी सात ते आठ भजनाला बसतो आणि टाळ वाजवतो. एके दिवशी घरी येऊन बघतो तर बसल्या जागी तीन हजार शंभर पावलं! टाळ वाजवताना हात हलतो, आणि त्या घड्याळाला वाटतं माणूस चालला. मला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मी असा टाळ कुटायला लागलो की माझ्या शेजारी बसणारे निवृत्त मास्तर कानात म्हणाले, “अहो, अभंग संथ चाललाय, तुमी कुठं निघालाय?”

पण सहायक हुशार निघाला. “सात ते आठ या वेळेत पावले नोंदली गेली, परंतु जागा बदललेली दिसत नाही. आपण ट्रेडमिलवर चाललात का?” त्यानं विचारलं. प्रश्नातच उत्तर घालून देणारा माणूस मला साऱ्या नोकरीत भेटला नव्हता. मी ‘होय’ लिहिलं.

रविवारी लेकीचा फोन. “बाबा, कळंबमध्ये ट्रेडमिल कुठं मिळाली?”

“देवळात.”

“देवळात?”

“देणगीदारानं दिली.”

“देवळाला ट्रेडमिल कोण देतं?”

“पंखे आधीच लई झाले होते,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “फोटो पाठवा.” मी मशीन बिघडल्याचं कळवलं आणि टाळ पूर्ववत संथ केला. देवळात बसलेल्या कुणाला काही कळलं नाही, पण मास्तरांना हायसं वाटलेलं मी पाहिलं.

हे होईतो पोळा आला. पोळ्याच्या दिवशी बायको पुरणपोळ्या लाटत होती आणि मी दारात बसून तिचा हात बघत होतो. लाटणं चाललंय, मधेच उठून चुलीवरचं बघतेय, अंगणात जातेय, बैलाला ओवाळायचं ताट मांडतेय, पुन्हा लाटतेय. सकाळपासून ती बसलेली मी पाहिली नव्हती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं तर माणसाच्या डोक्यात अशा वेळी दुसरा उजेड पडायला हवा, पण माझ्या डोक्यात हा पडला.

“अगं, हे घड्याळ जरा तू घालतेस का?” मी म्हणालो. “मला त्याच्या पट्ट्यानं खाज सुटते.”

तिनं माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षांचा संसार, तिला काय कळायचं राहतंय? “दिवाळीपतुर?” तिनं विचारलं.

“दिवाळीपर्यंत.”

“पाण्यात चालतंय का?”

“चालतंय.”

“मग आणा हिकडं. बांगड्यांत एक बांगडी.”

आणि तिनं पिठाचा हात पुढं केला.

त्या संध्याकाळी सहायकानं कळवलं, “अभिनंदन! आज आपण १३,६४० पावले चाललात. हा आपला आजवरचा उच्चांक आहे.” मी तो निरोप दोनदा वाचला. पुढं रोजच बारा हजार, तेरा हजार. घड्याळ रात्रंदिवस तिच्या हातात आणि मोबाइल माझ्या खिशात. दर रविवारी लेक फोनवर म्हणायची, “बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो.” आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही माझा अभिमान वाटू लागला होता. हॉटेलात बसून मी चालण्याचे फायदे सांगायला लागलो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं चालून ते पोट कसं काय हलंना?” मी म्हणालो, चालण्याचा परिणाम आतून होतो.

सहायकाला अधूनमधून शंका यायच्या. “आपण पहाटे साडेचारला उठून घरातल्या घरात सलग साडेचार तास हालचाल करता. हा कोणता व्यायाम आहे?” मी लिहिलं, योगासने. तोही मोठा सभ्य. “उत्तम,” म्हणाला, “मधे पाच मिनिटे विश्रांती घेत चला.” हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवायला हवं होतं. त्याऐवजी मी ते वाचलं आणि खुर्चीत पाय लांब करून पाच मिनिटं विश्रांती घेतली.

त्याच दिवसांत एकदा ती गच्चीवर उडीद वाळत घालून खाली आली आणि म्हणाली, “हल्ली जिना लई वाढलाय बघा.”

“थांब, पंचनामा करतो,” मी खुर्चीतूनच म्हणालो. “पायऱ्या तेरा. एकही वाढलेली नाही.”

ती हसली. हसता हसता खालच्या पायरीवर टेकली आणि बराच वेळ तिथंच बसली. मी पेपर वाचत होतो.

आमच्या घरात तुळजापूरच्या देवीचं सगळं पाळलं जातं. देवी वर्षातून तीनदा पलंगावर निजते, आणि ती निजलेली असते तेव्हा आमच्या घरी कुणी गादीवर झोपत नाही. सगळ्यांनी सतरंजीवर. त्यातली एक निद्रा नवरात्राच्या आधी, भाद्रपदात येते. तिसऱ्याच दिवशी सहायकाचा प्रश्न आला, “आपली झोप खालावली आहे. गादी बदलली आहे का?” मी लिहिलं, “देवी पलंगावर आहे, म्हणून आम्ही खाली झोपतो.” त्यावर तो म्हणाला, “घरी पाहुण्या आल्याचे समजले. त्यांचा मुक्काम लांबणार असेल तर आपल्यासाठी जाड अंथरुणाची सोय करावी.” मी बायकोला हाक मारून हे वाचून दाखवलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. धाप लागली होती. मला वाटलं, हसण्यानं.

मग घट बसले. बायको नऊ दिवस उपास करते. सकाळी चहा, दुपारी मूठभर शेंगदाणे आणि संध्याकाळी थोडी भगर. पायात चप्पल नाही. घटाजवळचा दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून उठून उठून तेल घालायचं. मी पण उपास करतो, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि केळी खातो. ते सगळं तीच करून देते.

चौथ्या माळेला सहायकाचा सूर बदलला. “गेल्या काही आठवड्यांत आपली विश्रांतीच्या वेळची नाडी सतत वाढत आहे. ती ८४ वरून ९८ पर्यंत गेली आहे. मला काही प्रश्न विचारायचे आहेत. छातीत धडधडते का?”

मी नुकताच लाडू खाल्ला होता. छातीवर हात ठेवून बघितला. काही धडधडत नव्हतं. ‘नाही’ लिहिलं.

“जिना चढताना धाप लागते का?”

जिना मी गुढीपाडव्याला चढलो होतो. ‘नाही.’

“चक्कर येते का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का?” उन्हाळ्यात आली होती, पण ते सांगितलं की पुणं. ‘नाही.’ “पायांवर सूज?” मी पाय बघितले. ‘नाही. तब्येत ठणठणीत.’

“तरीही डॉक्टरांना भेटावे, असा माझा आग्रह आहे,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला. एवढी मी समक्ष माहिती देतोय आणि हा आपलंच टुमणं लावतोय! प्रश्न तिच्या नाडीला होते आणि उत्तरं माझं पोट देत होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कागद भरला, सही झाली, विषय संपला. सहाव्या आणि आठव्या माळेला पुन्हा तेच प्रश्न आले आणि मी पुन्हा तीच उत्तरं पाठवली.

दसऱ्याला दुपारी जेवून मी खुर्चीत पडलो होतो. आपट्याची पानं ताटात तशीच पडलेली. नऊ दिवसांच्या लढाईनं दमलेली देवी त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते. श्रमनिद्रा म्हणतात तिला. बायको मघाशीच म्हणाली होती, “आता पाच दिस खाली झोपायचं, ध्यानात ठिवा,” आणि उडीद गोळा करायला गच्चीकडं गेली होती.

मोबाइल थरथरला. “आपली नाडी या क्षणी १३४ आहे. आपण आत्ता व्यायाम करत आहात का?”

मी आडवा होतो. पोटावर पेपर होता. ‘नाही’ लिहायला बोट पुढं केलं आणि थांबलो. तेवढ्यात दुसरा निरोप आला. “आपण ठीक आहात का?”

मी मान वळवून जिन्याकडं बघितलं. सातव्या पायरीवर ती बसली होती. एक हात भिंतीला टेकलेला, तोंड उघडं, आणि त्या हातात बांगड्यांमधे ते घड्याळ. मला ती दिसली म्हणजे नीट दिसली. ओठ पांढरे पडले होते. ते आज पडले नव्हते, पुष्कळ दिवसांचे तसेच होते, आणि मी रोज तिच्याकडून खिचडी वाढून घेत होतो.

मी कसा उठलो मला आठवत नाही. तांब्या घेऊन गेलो, तिला पाणी पाजलं आणि खालच्या पायरीवर बसलो. तिथूनच मी सहायकाला लिहिलं. घाबरलो तरी सवय जात नाही. “सदर घड्याळ पोळ्यापासून माझ्या हातात नसून माझ्या पत्नीच्या हातात आहे. नोंद घ्यावी.”

उत्तर आलं. “सांगितल्याबद्दल धन्यवाद. म्हणजे माझे आतापर्यंतचे सर्व प्रश्न त्यांच्यासाठी होते. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर लगेच रुग्णालयात न्या. तसे नसेल तर तेच प्रश्न आता त्यांना विचाराल का?”

“कुणाशी बोलताय?” बायको म्हणाली.

“तुझ्या नाडीशी. छातीत दुखतंय का? घेरी येतेय का आत्ता?”

“न्हाय.”

“छातीत धडधडतं का?”

“व्हय की. त्याला काय झालं?”

“जिना चढताना धाप लागते?”

“तुमाला म्हनलं न्हवतं का, जिना वाढलाय?”

“चक्कर?”

“येती की. भिंतीला धरलं की जाती.”

“पायाला सूज?”

तिनं लुगड्याचा काठ जरा वर केला. मी बोट दाबून बघितलं, तर खळगा पडला तो तसाच राहिला. कुणाच्या गोठ्याच्या भिंतीला मी कधी हात लावून बघितला नव्हता. जागेवर जाऊन केलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली पाहणी.

“किती दिवसांपासून हे?”

“आता काय तिथी लिहून ठिवू का त्याची?” ती चिडली. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझा हात धरला. “लेकीला सांगू नका. पाया पडते तुमच्या. उचलून न्हील मला तिकडं.”

मी मोबाइलमधे लिहिलं, “ही बाब रविवारच्या अहवालात घेऊ नये.” कनिष्ठाला सांगतात तसं लिहिलं.

उत्तर आलं, “अहवालात मी खरे तेच लिहीन. परंतु अहवाल रविवारी जातो आणि आज गुरुवार आहे. त्याआधी तुम्ही स्वतः मुलीशी बोललात तर तिला ते तुमच्याकडून कळेल. आणि डॉक्टरांकडे जायला रविवारची वाट पाहू नका.”

आख्ख्या नोकरीत कुणी कनिष्ठ माझ्याशी असं बोलला नव्हता. बोलला असता तर मी त्याची बदली परंड्याला करायचा प्रयत्न केला असता. इथं मला काही करता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पुण्याची नव्हे. ती इथंच राहील, भिंतीला धरत राहील, आणि एक दिवस सातव्या पायरीवरून उठणार नाही, याची. ती नको म्हणत असताना मी अंगणात जाऊन लेकीला फोन लावला.

सगळं सांगितलं. घड्याळ सांगितलं, नाडी सांगितली, ओठ सांगितले. एकदा सुटलोच होतो म्हणून ट्रेडमिलचंही सांगून टाकलं.

“टाळ?” ती म्हणाली.

“टाळ.”

तिच्या तोंडून हसूच फुटलं आणि मग ती रडायला लागली. मीही रडलो. ती म्हणाली, “बाबा, घड्याळ मी तुम्हालाच का आणलं? आईला का नाही आणलं?” आम्हा दोघांनाही तिचा हात रिकामा दिसलाच नव्हता, कारण तो कधी रिकामा नसायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाराशिवला दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात लेकही आली. डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, रक्त काढायला लावलं आणि कागद हातात आल्यावर चष्मा काढून ठेवला. हिमोग्लोबिन साडेसहा. “एवढ्यावर तुम्ही जिना कसा चढत होता?” त्यांनी विचारलं.

“चढत कुठं होते?” बायको म्हणाली. “मधी बसत होते की.”

नाडी कधीपासून वाढली म्हणून विचारलं तेव्हा मी मोबाइल पुढं केला. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा दिवस न् दिवस त्यात होता. बाई वर-खाली करून बघत राहिल्या. “नोंद फार चांगली ठेवलीत हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. एक पिशवी रक्त, मग लोहाची सलाईन, बाकीच्या तपासण्या. आणि इथं खरी अडचण आली. बायको खाटेवर झोपेना. “देवी पलंगावर असताना मी गादीवर? न्हाय जमायचं. सतरंजी टाका खाली.” लेकीनं समजावलं, मी समजावलं, डॉक्टरीणबाई रागावल्या. ती खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसली ती बसलीच. शेवटी सलाईनची बाटली घेऊन नर्स आली. तुळजापूरकडचीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “मावशी, नऊ दिवस लढून देवी दमली म्हणून निजली का न्हाय? मग तुमी काय कमी लढला व्हय? तिला कुणी म्हनतं का, खाली नीज? पडा गुमान.”

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पाय वर घेतले. पाच मिनिटांत तिला झोप लागली. घड्याळानं तिची ती झोप सलग नऊ तास मोजली.

घरी आलो तेव्हा पौर्णिमेला दोन दिवस होते. लेकीनं आईच्या हातातलं घड्याळ काढून पुन्हा माझ्या हातात बांधलं आणि आठवडाभर राहून मला स्वयंपाक शिकवला. शिकवला म्हणजे मी केला आणि बायको सतरंजीवरून हुकूम सोडत होती. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे दोन भाग झाले. एक भाग चुलीत गेला, दुसरा मी खाल्ला. पाणी भर, भांडी घास, झाडून घे, दळण आण, दुधाला जा, सुपारी कुठं आहे बघ, तिथं नाही तर फडताळात बघ. संध्याकाळी सहायकाचा निरोप आला. “आज आपण ९,२११ पावले चाललात, परंतु घराबाहेर फारसे गेलेले दिसत नाही. पुन्हा ट्रेडमिल का?”

“स्वयंपाकघर,” मी लिहिलं. खरं होतं, तरी त्यानं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे.

दिवाळीला लेक ठरल्याप्रमाणे निकाल द्यायला आली. हातात दुसरं घड्याळ होतं, आईसाठी, लहान मनगटाचं. मी आणि बायको शेजारी शेजारी बसलो होतो, आरोपीसारखे. लेक म्हणाली, “पुणं रद्द नाही. पुढं ढकललंय. ज्याचं घड्याळ त्याच्याच हातात, आणि प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं. आईच्या रक्ताची तपासणी मी सांगेन तेव्हा. एकदा जरी फसवलंत तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येईन.” आमच्या भाषेत प्रकरण प्रलंबित राहिलं. बायकोनं लेकीची अलाबला घेतली आणि नवीन घड्याळ बांगड्यांमधे सरकवलं.

पौषात हरभऱ्याचा पाला वाळवायची वेळ आली. सकाळी उन्हं आल्यावर ती टोपली घेऊन जिन्याकडं निघाली. मी खुर्चीतून उठलो आणि खाली उभा राहून मोजायला लागलो. पाच, सहा. सातव्या पायरीला मी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. ती थांबली नाही. आठ, नऊ, थेट तेरा. वर पोचून तिनं टोपली ठेवली आणि कठड्यावरून खाली वाकून म्हणाली, “जिना कमी झाला की हो!”

मी मान वर करून बघतच होतो.

“बघत काय ऱ्हायलाय? वर या. पाला पसरायला हात लावा.”

मी निघालो. सातव्या पायरीवर मलाच टेकावं लागलं. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. “आपली नाडी वाढलेली दिसते. धाप लागते का?”

बोट जुन्या सवयीनं ‘नाही’कडं वळलं. मी ते मागं घेतलं आणि ‘होय’ लिहिलं.

वरून आवाज आला, “येताय का, का कागदावरच चढलात?”